टाचभर पुढं

वडगावात आमच्या गल्लीला पहाटे चारला माग सुरू व्हायचे.
धोटा इकडून तिकडं, तिकडून इकडं,
आणि बाबा म्हणायचे, भरमू, बघ गा,
ह्याला कुणी विचारत नाही तू कुठल्या काठाचा.
मी बघत नव्हतो.
मी गटारीतून चिंध्यांचा बॉल काढत होतो.

कॅम्पातल्या डिमेलो सरांनी बूट दिले, दोन नंबर मोठे.
पुढं बोटांत बाबांच्या मागाचं तुटकं सूत कोंबलं.
सर म्हणाले, पळायला गाढवालाबी येतं.
तू थांबायला शीक.
शेवटच्या बॅकच्या खांद्याला खांदा लावून थांब,
त्यानं दुपारी काय खाल्लंय ते कळेपर्यंत,
आणि बॉल सुटला की जा.
आधी नाही.

एकोणिसाव्या वर्षी चोर्ला घाटातून उतरलो,
पिशवीत आईनं दिलेले मांडे, पोचेपर्यंत चुरा झालेले.
करार इंग्रजीत. सही मराठीत.
कारकून म्हणाला, चलता, चलता.

गोव्यात मला घाटी म्हणाले.
बंगळूरच्या कँपात मराठी.
कोल्हापूरला खेळायला गेलो तर मागनं कुणीतरी ओरडलं,
ए कानडी, पाय सांभाळ!
गोल झाला की मात्र सगळीकडं मी आमचाच.
ते आमचंपण साधारण पुढच्या मॅचपर्यंत टिकायचं.

अकरा सीझन. एकोणसाठ गोल.
त्यातल्या अठ्ठावन्नांचं मला कुणी विचारत नाही.

फायनल. मडगाव. लाइटखाली सत्याऐंशीवं मिनिट.
पीटरनं उजवीकडनं बॉल टाकला
आणि मी निघालो होतो, आधीच.
फार नाही.
लाइन्समन त्या क्षणी डोळ्यातलं चिलट काढत होता
असं मला वाटतं. मी त्याच्याकडंच बघत होतो,
जाळ्याकडं नंतर बघितलं.

पेपरात फोटो आला.
बॅकचा हात वर, तोंड उघडं, मी हवेत.
कडेला जिथं माझी डावी टाच असायला हवी
तिथं फोटो संपतो.
तो तालमीत फ्रेम करून लावलाय.
दसऱ्याला हार घालतात. मला सांगत नाहीत,
मी खाली बघत उभा असतो, नम्र दिसतो.

मग गुडघा. मग दुसऱ्यांदा तोच गुडघा.
क्लबनं घड्याळ दिलं, ते बरं चाललंय.
आता उद्यमबागेत फौंड्रीच्या स्टोअरला आहे,
नट मोजून देतो, बोल्ट मोजून घेतो,
आणि रविवारी हातात झेंडा घेऊन रेषेवर.
तीनशे रुपये आणि एक वडा.

गेल्या रविवारी खासबागचा बसू हुद्दार, सतरा वर्षांचा,
असा सुटला की माझाच पाय आत ओढला गेला.
गोल. सुंदर गोल.
पोरं एकमेकांवर पडली.
माझा हात वर होता.
कधी गेला मला आठवत नाही.

बसूनं मला कानडीत शिवी दिली,
मग, म्हाताऱ्याला कळली नसेल म्हणून, तीच मराठीत.
मला दोन्ही लहानपणापासून येतात.
पहिली जास्त चांगली होती.

मॅचनंतर नळावर तोंड धुताना विचारलं त्यानं,
किती गा आण्णा?
टाचभर.
तेवढं कुणाला दिसतंय?

मी काहीतरी म्हणणार होतो.
नळाला पाणी कमी येत होतं, मागं पोरं खोळंबली होती,
बसू सरकला, मी ओंजळ धरली.

घरी येताना तालमीचं दार उघडं होतं.
आत गेलो नाही.
पायरीवर बसून बूट काढले,
डाव्या टाचेला रेषेचा चुना, पांढरा, अजून ओला.
बायको म्हणाली,
बाहेरच झटका ते. आत आणू नका.